कारणाचा रकाना

वकिली करणाऱ्या माणसाला नकाराची सवय असते. गेल्या वीस वर्षांत फोंड्याच्या न्यायालयातून फेटाळलेले किती अर्ज हातात घेऊन मी बाहेर पडलो याचा हिशेब मी ठेवलेला नाही. आणि ठेवला असता तरी तो पक्षकारांच्या दृष्टीस पडू दिला नसता. परंतु त्या प्रत्येक नकारामागे निदान एक निकालपत्र असे. आपले म्हणणे न्यायाधीशाने का मानले नाही हे त्यात लिहिलेले असे, आणि ते पटले नाही तर वरच्या न्यायालयाची पायरी चढता येई. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या घरी जो नकार आला तो अवघ्या तीन ओळींचा होता. घाटमाथ्यावरच्या एका निवासी शाळेने माझ्या मुलाला आठवीच्या वर्गात प्रवेश देता येत नसल्याबद्दल खेद कळवला होता आणि त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा दिल्या होत्या. कारण दिलेले नव्हते.

ते देण्याची आवश्यकताही नव्हती म्हणा. प्रगतिपुस्तकाची प्रत अर्जासोबत आम्हीच जोडली होती. मराठी ७८, इंग्रजी ५२, विज्ञान ४१, गणित ३४. शंभरांपैकी.

मुलाने ते पत्र दोनदा वाचले. मग त्याने विचारले, "आता दुसऱ्या शाळाही नाही म्हणतील का?"

प्रश्न कायद्याचा होता आणि मला तो आवडला. मी त्याला शेजारी बसवून दिवाणी प्रक्रिया संहितेचे अकरावे कलम समजावून सांगितले. एकदा निवाडा झालेला वाद त्याच पक्षकारांमध्ये पुन्हा उकरून काढता येत नाही, हे खरे. परंतु प्रत्येक शाळा हा वेगळा पक्षकार असल्यामुळे एका शाळेचा निर्णय दुसरीला बांधील नसतो, असे त्या विवेचनाचे तात्पर्य होते. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पण मार्क तेच ना?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मुलाला दूरच्या शाळेत का घालायचे, असे आम्हांला पुष्कळांनी विचारले. देवळात भेटलेल्या आप्तेष्टांनी तर फारच आस्थेने विचारले. प्रत्येकाला मी निरनिराळे कारण सांगे. कोणाला शिस्त, कोणाला मोकळी हवा, कोणाला इंग्रजी. ही सगळी कारणे खोटी होती असे नाही. पण ज्या कारणामुळे मी पहिला अर्ज भरला ते मी कोणालाच सांगितले नव्हते. संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर मी मुलाला गणित शिकवायला बसे, आणि अर्ध्या तासात आमच्या वसरीवरून माझा आवाज शेजारच्या कुळागरापर्यंत जाई. पत्नी स्वयंपाकघराचे दार लोटून घेई. आई देवघरात जाऊन बसे. मुलगा वहीकडे पाहत राही. आणि मी जितका ओरडे तितके त्याला आधी येत असलेलेही येईनासे होई. एके रात्री त्याने सात अठ्ठे किती हे सांगितले नाही. त्याला ते तिसरीपासून येत होते. त्या रात्री मी ठरवले की या मुलाला दुसऱ्या कोणीतरी शिकवले पाहिजे, आणि ते माझ्या नजरेआड.

आईने मात्र पहिला अर्ज पाठवण्यापूर्वी कुलदेवतेला कौल लावला होता आणि उजवा प्रसाद झाला होता. नकाराचे पत्र आल्यावर मी तिला जरा कुचेष्टेनेच त्या प्रसादाची आठवण करून दिली. ती मुळीच विचलित झाली नाही. "देवान वच म्हळां," ती म्हणाली, "खंय तें सांगूंक ना." असा युक्तिवाद माझ्या व्यवसायात फार थोड्यांना साधतो.

आमच्या घराण्यात घर सोडून शिकायला जाणारा हा काही पहिला मुलगा नव्हे. माझे आजोबा १९३६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, बेळगावला शिकायला गेले. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून अनेक हिंदू घरांतली मुले त्या काळी बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, मुंबई अशी पांगत. कोणी नातलगाकडे राही, कोणी वार लावून जेवे. आजोबांचे तीन वार तीन घरी होते आणि उरलेले दिवस खाणावळीचे. त्यांना गणितात किती गुण होते हे घरात कोणालाही ठाऊक नाही. पण सोमवारच्या घरी आमटी पातळ असे हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे.

'बोर्डिंग' हा शब्द तर मराठीत या आजच्या शाळांच्या पुष्कळ आधी आला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग चालू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत आणि आपली कामे आपण करीत. खेड्यातल्या मुलाला राहायला आणि जेवायला कोठे मिळेल, हा त्या बोर्डिंगांपुढचा पहिला प्रश्न होता. त्याला काय येते हा प्रश्न नंतरचा. कारण त्याला काही येत नाही हे गृहीत धरूनच तर त्याला शिकवायला आणलेले असे.

आजची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. नवोदय विद्यालयाचे दार सहावीला उघडते. परीक्षा एकदाच देता येते, आणि आमच्या मुलाच्या बाबतीत ती वेळ आम्ही आळसात घालवली होती. सैनिकी शाळेचा मी विचार केला. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ ची, देशातली पहिली; आमच्या ओळखीच्या दोन घरांतली मुले तेथे शिकून चांगली निघाली. पण नववीच्या प्रवेशपरीक्षेचे चारशे गुण मी कागदावर मांडले तेव्हा त्यातले दोनशे एकट्या गणिताचे निघाले. तो कागद मी घडी घालून ठेवून दिला. उरल्या त्या खाजगी निवासी शाळा. पाचगणीपासून ग्वाल्हेरच्या किल्ल्यापर्यंत त्या पसरलेल्या आहेत, आणि त्यांतल्या काही शंभरीच्या पुढे गेलेल्या आहेत. बहुतेक ठिकाणी रीत साधारण एकच: मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके, भाषा व गणिताची एक चाचणी, मुलाची मुलाखत, आणि मग आईबापांची. या शेवटच्या मुलाखतीत शाळा आईबापांना फीविषयी सांगते, असा माझा समज होता. तो चुकीचा होता.

याच सुमारास एका परिचिताने माझ्या कानात सांगितले की अमुक शाळेत अमुक गृहस्थाचे वजन आहे आणि 'देणगी'ची व्यवस्था केल्यास गुणांची फारशी चौकशी होत नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९, याचे तेरावे कलम मी पक्षकारांना कितीदा तरी समजावून सांगितले आहे. प्रवेशासाठी अशी रक्कम घेणाऱ्या शाळेला, घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. हे सारे मला मुखोद्गत असताना मी त्या गृहस्थाला ताबडतोब नकार दिला असे लिहावयास मला आवडले असते. मी एक रात्र विचार केला. सकाळी नकार दिला तो कायद्याच्या आदरापोटी की मुलाला पुढेमागे हे कळेल या भीतीपोटी, ते अजून माझे मलाच नीट उमगलेले नाही.

दुसऱ्या शाळेचा अर्ज मार्चमध्ये आला. ही शाळा घाटापलीकडची, लहान, फारशी नावाजलेली नसलेली. अर्ज सहा पानांचा होता आणि चौथ्या पानावर दोन रकाने होते. एकात, गेल्या वर्षभरात अन्य कोणत्या शाळेत अर्ज केला होता काय आणि त्याचे काय झाले, असे विचारले होते. दुसऱ्यात, कोणत्याही विषयात पन्नासपेक्षा कमी गुण असल्यास त्याचे कारण लिहावे अशी सूचना होती. तो रकाना पुष्कळ मोठा होता. जवळजवळ अर्धे पान.

कायद्याच्या अभ्यासक्रमात आम्हांला शिकवली न गेलेली एक गोष्ट मी पुढे महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात वाचली. त्या प्रचंड ग्रंथाचा तिसरा खंड व्यवहारावर, म्हणजे न्यायदानाच्या पद्धतीवर आहे. मिताक्षरेसारख्या ग्रंथांत प्रतिवादीची उत्तरे चार प्रकारची सांगितली आहेत. आरोप धडधडीत नाकारणे, ते मिथ्या उत्तर. गोष्ट कबूल करून तिला निरुपद्रवी करणारे एखादे निमित्त पुढे मांडणे, ते प्रत्यवस्कंदन; त्यालाच कारणोत्तर असेही म्हणतात. या वादाचा निकाल पूर्वीच लागलेला आहे असे म्हणणे, ते प्राङ्न्याय. आणि होय, हे खरे आहे, एवढेच सांगून थांबणे, ती संप्रतिपत्ती. काणे स्वतः मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत असत. या चार उत्तरांवर लिहिताना त्यांना आपले पक्षकार आठवले असतील अशी माझी समजूत आहे.

त्या अर्ध्या पानाच्या रकान्यासाठी मी तीन रात्री बसलो. पहिला मसुदा मिथ्योत्तराचा झाला: मूल्यमापनाची पद्धत सदोष, शिक्षक वर्षात दोनदा बदलले, हे गुण मुलाच्या बुद्धीचे द्योतक नव्हेत. शिक्षक एकदाच बदलले होते. तो मसुदा मी फाडला. दुसरा मात्र, वकील या नात्याने सांगतो, उत्तम होता. मुलाला २०२३ च्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता. २०२१ साली त्याचे आजोबा, माझे वडील, वारले होते, आणि त्याला पाढे त्यांनीच शिकवले होते. या दोन घटना मी अशा ओघात मांडल्या की वाचणाऱ्याचे डोळे पाणावावेत आणि ३४ हा आकडा त्याला धूसर दिसावा. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. फक्त डेंग्यू पंधरा दिवसांत बरा झाला होता, आणि आजोबांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी मुलाला गणितात ६१ गुण होते, हे त्यात नव्हते. माझ्या स्वर्गवासी वडिलांना मी साक्षीदार म्हणून उभे केले होते, आणि त्यांची उलटतपासणी कोणी घेऊ शकणार नव्हते.

नकाराचा रकाना मी कोरा ठेवला होता.

पत्नीने तो मसुदा वाचला. "सुंदर लिहिलंत," ती म्हणाली. "पण हे वकिलाचं पत्र आहे. शाळेनं मुलाला विचारलंय." मी अर्ज पुन्हा पाहिला. रकान्याच्या वर, बारीक अक्षरांत, 'विद्यार्थ्याने स्वतः लिहावे' असे छापलेले होते. इतरांचे दस्तऐवज बारीक अक्षरांपर्यंत वाचण्याचे मी पैसे घेतो.

मुलाने ते काम एका दुपारी उरकले. आधी त्याने एका वहीच्या पानावर मराठीत लिहिले आणि मग इंग्रजी केले. ते पान माझ्यापाशी आहे. त्याने लिहिले होते की त्याला अपूर्णांक सुरू झाल्यापासून गणित येत नाही. भाजक सारखे असले तर येते. वेगळे असले की काय करायचे ते तो विसरतो. विज्ञानात जेथे गणित येते तेथेही तसेच होते. बाबा शिकवतात, पण ते शिकवायला लागले की त्याला भीती वाटते. फेब्रुवारीत एका शाळेने त्याला घेतले नाही. कुळागरात नारळ पाडायचे असतात तेव्हा पाडेल्याबरोबर तो जातो आणि नारळांचा व झाडागणिक मजुरीचा हिशेब तोच ठेवतो. घरी सगळे आधी प्रगतिपुस्तक बघतात आणि मग त्याच्याकडे. शाळेत राहिल्यावर तसे होणार नाही असे त्याला वाटते.

एवढेच. अर्धे पानही भरले नव्हते.

मी ते वाचले आणि लेखणी उचलली. यातली तीन वाक्ये गाळली पाहिजेत असे मी जाहीर केले: भीतीचे, नकाराचे, आणि शेवटचे. आपल्या पक्षकाराने विरुद्ध पक्षाच्या हाती स्वहस्ते कबुलीजबाब देऊ नये, ही आमच्या धंद्याची पहिली शिकवण. मुलगा काही बोलला नाही. त्याने पान माझ्यापुढे सरकवले. सुपारी कातरीत बसलेली आई मात्र मान वर न करता म्हणाली, "आनी तुका नववेंत कितले मेळिल्ले? सांगूं?"

मला १९९४ साली नववीच्या सहामाहीत गणितात २९ गुण मिळाले होते. ही गोष्ट मी पत्नीला सांगितलेली नव्हती, आणि मुलाला तर नाहीच. माझ्या वडिलांनी त्या प्रगतिपुस्तकावर सही केली होती, ते मला परत दिले होते, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी वसरीवर माझ्याबरोबर बसू लागले होते. त्यांचा आवाज कधी कुळागरापर्यंत गेल्याचे मला आठवत नाही.

"कितले?" मुलाने विचारले.

मी आकडा सांगितला. तो हसला नाही. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले, आणि मग ते पान उचलून आपल्या अक्षरात अर्जावर उतरवून काढायला बसला. भीतीचे वाक्य त्याने आहे तसे ठेवले.

एप्रिलमध्ये आम्ही चोर्ला घाटाने गेलो. लेखी चाचणी त्याने अर्ध्या तासात सोडून दिली आणि बाहेर येऊन बसला. मला वाटले, संपले. त्यानंतर गणिताच्या बाईंनी त्याला आत बोलावले. आम्हांलाही बसू दिले, पण बोलायचे नाही या अटीवर. अशी अट मला न्यायालयातही कोणी घातलेली नाही. बाईंनी विचारले, दोन तृतीयांश मोठे की तीन चतुर्थांश? तो गप्प. माझ्या तोंडाशी उत्तर आले होते आणि पत्नीने माझ्या हातावर हात ठेवला होता. बाईंनी अर्ज उघडला, वाचला, आणि विचारले, "नारळ मोजतोस ना? बारा नारळ आहेत. तुझ्या पाडेल्याला दोन तृतीयांश दिले तर किती?" "आठ." "आणि तीन चतुर्थांश दिले तर?" त्याने क्षणभर विचार केला. "नऊ." मग स्वतःच म्हणाला, "पण इतके कोणी देत नाही."

बाई मोठ्याने हसल्या. मी हसलो नाही. दोन वर्षे मी त्याला भाजकांचा लघुतम साधारण विभाज्य काढायला सांगत होतो, आणि बारा नारळ आमच्या अंगणात पडलेले होते.

आमची मुलाखत मुख्याध्यापकांनी घेतली आणि फीचा विषय दोन मिनिटांत संपवला. त्यांनी मला विचारले की मुलगा आला तर तुम्ही किती वेळा फोन कराल. मी म्हणालो, रोज. ते म्हणाले, आठवड्यातून एकदा. आणि त्या वेळी गुण विचारायचे नाहीत. मग त्यांनी आपला निर्णय सांगितला. मुलाला ते घेतील, परंतु आठवीत नव्हे. त्याने सातवी पुन्हा करावी. पाया कच्चा ठेवून वर चढवले तर तीन वर्षांनी तो पडेल, आणि तेव्हा उठणे कठीण जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. विचार करून आठ दिवसांत कळवा, म्हणाले.

घाट उतरताना गाडीत कोणी बोलत नव्हते. खरे सांगायचे तर मी त्या वेळी देवळातल्या मंडळींचा विचार करीत होतो. पालखीच्या दिवशी कोणीतरी विचारील, कितवीत आहे हो आता? आणि मला 'सातवीत' असे सांगावे लागेल; विचारणारा मनात वर्षे मोजील. नापास न झालेल्या मुलाला एक वर्ष खाली बसवायचे, तेही बापाने स्वतः सही करून. मला हा अन्याय वाटत होता. अपील करावेसे वाटत होते. चोर्ल्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मुलाने विचारले, "सातवी म्हणजे अपूर्णांक पहिल्यापासून शिकवतील ना?"

"शिकवतील," पत्नी म्हणाली.

"मग बरं," असे म्हणून त्याने भजी संपवली.

आठ दिवसांची मुदत घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी मी सही करून कागद पाठवला. जूनमध्ये त्याला पोहोचवून आलो. पालखीच्या दिवशी अपेक्षेप्रमाणे तिघांनी विचारले, आणि मी तिघांनाही सातवी म्हणून सांगितले. एकाने खरोखरच बोटे मोजली.

त्या शाळेत महिन्यातून एकदा मुलांकडून घरी पत्र लिहवून घेतात. त्याचे पहिले पत्र जुलैत आले. गणिताबद्दल त्यात अक्षर नव्हते, आणि ठरल्याप्रमाणे मीही फोनवर विचारले नव्हते. जेवणात भाकरी असते, खोलीत चौघे आहेत, एक हैदराबादचा मुलगा झोपेत बोलतो, असा मजकूर होता. शेवटी लिहिले होते: पाडेली येऊन गेला का? या वेळी नारळ किती निघाले ते कोणी लिहून ठेवले?

पाडेली येऊन गेला होता. मी वसरीवर बसून दाव्याचे कागद वाचीत होतो, मोजले नव्हते. त्याला विचारून कळवतो, असे मी उत्तरात लिहिले आहे.